वाढदिवसाचे भाषण: ते का फसते आणि कसे साधते

पारावर किंवा चाळीच्या कठड्यापाशी तासन्‌तास गप्पांचा फड रंगविणारा, ज्याच्या तोंडून एखाद्या लग्नातील फजितीची हकीकत ऐकण्यासाठी माणसे हातातली कामे बाजूला ठेवतात, असा एखादा गृहस्थ आपल्या सख्ख्या मामांच्या पंचाहत्तरीला, सगळ्या ओळखीच्याच पन्नास-साठ मंडळींसमोर उभा राहिला, की त्याची वाचा बसते. किंवा त्याहून वाईट म्हणजे ती न बसता त्याच्या मुखातून अशा काही परक्या वळणाची भाषा बाहेर पडू लागते, की आपण कोणा तिऱ्हाईत थोर पुरुषाच्या सत्काराला आलो आहोत की काय, असा खुद्द मामांनाच संभ्रम पडावा. ज्या मामांविषयी हाच गृहस्थ एरवी रोज एक नवा किस्सा सांगतो, त्यांच्याविषयी त्या घटकेला त्याला ‘मनमिळाऊ, कष्टाळू आणि निगर्वी’ या तीन शब्दांपलीकडे काहीही सापडत नाही. माणूस तोच, मामा तेच, प्रेमही तेच. मग मधल्या चार पायऱ्या चढून व्यासपीठावर जाईपर्यंत असे काय घडते?

या प्रश्नाचे उत्तर ‘सभाधीटपणा नाही’ एवढ्यावर सोडून देण्याचा शिरस्ता आहे. वस्तुतः सभाधीट वक्त्यांचीही वाढदिवसाची भाषणे सर्रास फसतात, आणि कधी कधी एखादी आजी, जिने जन्मात कधी ध्वनिक्षेपक हाती धरलेला नाही, ती चार वाक्ये बोलून सभा जिंकून जाते. तेव्हा कारणे अधिक खोल असली पाहिजेत.

गप्पांचा आधार कुठे नाहीसा होतो?

संभाषण हे एकट्याचे काम नाही. आपण बोलत असताना समोरचा मनुष्य ‘हं’ म्हणतो, ‘मग?’ विचारतो, भुवया उंचावतो, मध्येच एखादे नाव आठवून देतो, आणि आपण नकळत त्या खुणांच्या आधारे पुढचे वाक्य रचीत जातो. हकीकत कंटाळवाणी होते आहे असे दिसताच ती आटोपती घेतो, आणि ऐकणारा सरसावून बसला की तिला आणखी चार पदर जोडतो. निरनिराळ्या भाषांतील संभाषणे मोजून पाहणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले आहे, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरीने सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्साच जातो. इतकी ती देवाणघेवाण घट्ट विणलेली असते.

व्यासपीठावर ही वीण एकदम उसवते. समोर पन्नास चेहरे असतात, पण ‘मग?’ असे कोणीच म्हणत नाही. सभ्यता म्हणून सगळे निश्चल बसतात, आणि ती निश्चलता वक्त्याला नापसंतीसारखी भासते. गप्पांत जे काम दोघे करीत होते ते आता एकट्याला करावयाचे असते. अशा वेळी मन पूर्वी ऐकलेल्या भाषणांच्या तयार साच्याकडे धाव घेते, आणि ‘आजच्या या मंगल प्रसंगी’ हे शब्द कोणी न बोलावताही हजर होतात. म्हणूनच भाषणाची पूर्वतयारी ही केवळ होतकरू वक्त्याने करावयाची गोष्ट नव्हे. श्रोत्याने गप्पांत जो प्रश्न विचारला असता तो आपणच घरी बसून स्वतःला विचारून ठेवणे, हे तिचे खरे स्वरूप आहे.

स्तुती पोकळ का वाटते?

ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात भाषणांचे तीन प्रकार सांगितले आहेत. लोकांच्या सभेतील भाषण पुढे काय करावे याविषयी असते, न्यायालयातील भाषण मागे काय घडले याविषयी असते, आणि तिसरा प्रकार गुणगौरवाचा किंवा निंदेचा, ज्याचा रोख मुख्यतः वर्तमानाकडे असतो. यांतील मर्माचा भाग असा, की पहिल्या दोन प्रकारांत श्रोत्याला निर्णय द्यावयाचा असतो, तर तिसऱ्यात तो केवळ प्रेक्षक असतो. वाढदिवसाच्या सभेला आलेली मंडळी सत्कारमूर्ती चांगली आहे की वाईट, हे ठरविण्यासाठी आलेली नसतात; तो निकाल त्यांनी घरून निघण्यापूर्वीच दिलेला असतो, नाही तर ती आलीच नसती.

याच्याशी आधुनिक काळातील एक विचार जोडून पाहण्यासारखा आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचे जे गणिती शास्त्र मांडले, त्याचा पाया असा, की एखाद्या संदेशात किती माहिती आहे हे तो संदेश किती अनपेक्षित आहे यावर अवलंबून असते. जे कळणारच होते ते कळविणाऱ्या संदेशातील माहिती शून्य. शॅननपुढे प्रश्न तारायंत्रांचा आणि दूरध्वनींचा होता, पंचाहत्तरीचा नव्हता. परंतु पंचाहत्तरीच्या सभेत ‘मामा फार चांगले आहेत’ हे वाक्य उच्चारले असता ते हवेत का विरून जाते, याचा उलगडा त्याच्या सिद्धांताने चोख होतो. ते वाक्य खोटे नसते. ते आधीच ठाऊक असते. विशेषणांची संख्या तिनावरून तेरावर नेल्याने यात तिळमात्र फरक पडत नाही.

सारांश, गौरवाच्या भाषणात निष्कर्ष आधीच ठरलेला असल्यामुळे श्रोत्याला नवे असे काही देता येण्याजोगे असेल तर तो पुरावा. हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सत्कारमूर्ती म्हणजे तालुक्याच्या कचेरीत सारी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक काका आहेत, आणि त्यांच्या पुतण्याने पहिला मसुदा असा लिहिला आहे: ‘काका हे अत्यंत प्रामाणिक, कनवाळू आणि गोरगरिबांविषयी कळवळा असलेले गृहस्थ आहेत.’ आता हे वाक्य जिल्ह्यातल्या कोणत्याही अव्वल कारकुनाच्या गळ्यात घालता येईल. पुढे पुतण्या काकूंकडे आणि काकांच्या हाताखाली काम केलेल्या एका जुन्या शिपायाकडे चौकशी करतो, आणि त्याला कळते, की काकांच्या मेजाच्या खणात स्वतःच्या चाळिशीखेरीज आणखी एक चाळिशी कायम ठेवलेली असे. फेरफाराच्या नोंदीसाठी किंवा वाटणीच्या कागदासाठी आलेला एखादा म्हातारा शेतकरी ‘मला दिसत नाही साहेब, सही कुठं करू तेवढं सांगा’ असे म्हणाला, की काका ती चाळिशी त्याच्यापुढे सरकवीत; अक्षरओळख नसली तर सगळा मजकूर स्वतः दोनदा मोठ्याने वाचून दाखवीत; आणि ‘समजलं?’ या प्रश्नाला होकार आल्याखेरीज अंगठ्याची शाई पुढे करीत नसत. मागे रांग खोळंबली तरी करीत नसत.

ही हकीकत सांगून झाल्यावर पुतण्याने ‘प्रामाणिक’ हा शब्द उच्चारण्याचीही गरज उरत नाही. किंबहुना त्याने तो उच्चारू नये. कारण पुराव्यावरून निष्कर्ष काढण्याचे काम श्रोत्याने स्वतः केले, म्हणजे तो निष्कर्ष त्याला आपला वाटतो, आणि स्वतःचे म्हणून काढलेले अनुमान मनुष्य दुसऱ्याने हाती दिलेल्या अनुमानापेक्षा अधिक जपतो. शिवाय चाळिशी, खण, शाई या वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ‘कळवळा’ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. मसुदा तपासण्याची कसोटीही यातूनच मिळते. प्रत्येक वाक्यात सत्कारमूर्तीच्या जागी शेजारच्या घरातील समवयस्क गृहस्थांचे नाव घालून पाहावे. वाक्य तरीही खरे राहिले, तर ते खुशाल खोडावे.

असा ऐवज मिळवावयाचा कसा? ‘काका कसे आहेत?’ असे विचारले, तर उत्तर ‘चांगले आहेत’ असेच येणार, कारण स्मृती ही विचारलेल्या प्रश्नाच्या खुणेने जागी होते आणि मोघम खुणेला मोघम स्मृतीच प्रतिसाद देते. त्याऐवजी ‘काकांची कोणती वस्तू घरात कोणी हलवायची नाही?’, ‘ते शेवटचे कोणावर आणि कशावरून रागावले?’, ‘पगार झाला की पहिल्यांदा कुठे जात?’ असे विचारावे. दोघांच्या सांगण्यात तफावत आढळल्यास सालाची आणि नावाची रुजुवात करून घ्यावी, नाही तर ऐन भाषणात पहिल्या रांगेतून आत्याबाई साल दुरुस्त करतात, आणि मग सभा त्यांची होते.

ॲरिस्टॉटलने गौरवासाठी आणखी एक युक्ती सुचविली आहे, जी आजही बिनतोड आहे: एखादे कृत्य त्या मनुष्याने एकट्याने केले काय, सर्वांआधी केले काय, थोडक्यांच्या साथीने केले काय, किंवा काळ प्रतिकूल असता केले काय, हे सांगावे. मुलीला शिकविणे ही आज बातमी नाही. परंतु ज्या साली त्या गावातून एकही मुलगी तालुक्याच्या शाळेत जात नव्हती, त्या साली ते केलेले असेल, तर साल सांगताच कृत्याचे मोल आपोआप वाढते. येथे तारीख हेच विशेषण होय.

आणि एखादा दोष? प्रस्तुत लेखकाचे मत असे, की एक लहानसा दोष अवश्य असावा. जो साक्षीदार आपल्या पक्षाविरुद्धची एखादी गोष्ट मोकळेपणाने कबूल करतो, त्याच्या उरलेल्या साक्षीवर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. काका तापट होते, हे सांगितल्याने चाळिशीची गोष्ट अधिक खरी वाटते. मात्र तो दोष असा असावा, की ज्यावर सत्कारमूर्ती स्वतः चारचौघांत हसत आली आहे. आजारपण, जमिनीचे तंटे, मुलांची लग्ने आणि कोणी कोणाला किती पैसे दिले, ही चार दालने बंद ठेवावीत.

जन्मगावापासून सुरुवात करण्याची जुनी खोड

‘त्यांचा जन्म अमुक साली तमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला’ ही सुरुवात आपल्याकडील सत्कार समित्यांची मिरास आहे असे कोणाला वाटत असेल, तर ते तितकेसे खरे नाही. ख्रिस्तोत्तर तिसऱ्या शतकाच्या सुमारास मेनांडर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाच्या ग्रंथात वाढदिवसाच्या भाषणाचा आराखडाच दिलेला आहे: प्रथम त्या दिवसाची महती गावी, तो सणाचा असेल तर तसे सांगावे, मग कुळ, मग जन्म, मग संगोपन, मग गुण आणि कृत्ये. सुमारे सतराशे वर्षे हा आराखडा तग धरून आहे, कारण तो बोलणाऱ्याला सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या वाक्यातच पुढचा सगळा रस्ता दिसतो: आता शाळा येणार, मग नोकरी, मग विवाह, मग निवृत्ती. अपेक्षित ते माहितीशून्य, हा मघाचाच नियम येथेही लागू होतो. म्हणून आयुष्याच्या मधल्याच एखाद्या प्रसंगाने आरंभ करून, जन्मगाव वगैरे तपशील त्या प्रसंगाला लागेल तेवढाच मागाहून आणणे श्रेयस्कर.

विशेषणांवाचून गौरव किती उंच जाऊ शकतो, याचे पुण्यातील उदाहरण सर्वांना ठाऊक असावे असे आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, आणि विद्वानांनी त्यांना शोधनिबंधांचा ग्रंथ अर्पण केला. ज्या विद्येला त्यांनी आयुष्य दिले, तीच विद्या त्यांच्यापुढे ठेवली गेली.

| चौकट: वर्षांचा हिशेब |
|---|
| साठ: प्रभव, विभव इत्यादी संवत्सरांचे चक्र ६० वर्षांचे आहे. साठ वर्षे पुरी झाली की जन्माच्या वेळचा संवत्सर त्याच नावाने पुन्हा येतो; षष्ट्यब्दीपूर्तीचे मूळ यात आहे. ६१वे वर्ष लागते म्हणून एकसष्टी. |
| पंचाहत्तर: अमृतमहोत्सव. |
| सहस्रचंद्रदर्शन: एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. अशा हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे जवळजवळ ८० वर्षे १० महिने लागतात. |
| तिथी आणि तारीख: दर १९ वर्षांनी दोन्ही पुन्हा एकत्र येतात, क्वचित एका दिवसाच्या फरकाने. वयाच्या ५७व्या आणि ७६व्या वाढदिवशी पंचांग उघडून पाहावे. |

डोळ्यांसाठी लिहिलेले कानांना का झेपत नाही?

वाचक पान उलटून मागे जाऊ शकतो, श्रोता जाऊ शकत नाही. आणि श्रोत्याची तात्कालिक स्मृती म्हणजे एक ओंजळ आहे, जिच्यात वक्त्याने घागर उपडी केली तरी ओंजळभरच पाणी राहते आणि बाकीचे जमिनीवर जाते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली या ओंजळीचे माप सुमारे सात गोष्टी असे सांगितले; पुढील संशोधकांनी ते आणखी कमी करून चारापर्यंत आणले. तेव्हा पाच मिनिटांच्या भाषणात दोन हकीकती पुष्कळ झाल्या, तिसरी असलीच तर ओझरती.

मराठीत ही अडचण थोडी अधिकच जाणवते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. ‘दुष्काळाच्या साली, घरात खाणारी आठ तोंडे असताना, भावकीचा विरोध पत्करून, धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी आबांनी बैलजोडी’ येथपर्यंत ऐकून झाले तरी आबांनी ती विकली, गहाण टाकली की राखली, याचा श्रोत्याला पत्ता नसतो, आणि तोवर सगळा तपशील त्याला तसाच सांभाळून धरावा लागतो. कागदावर हे वाक्य शोभते. प्रस्तुत लेखातही अशी वाक्ये वाचकाने आतापर्यंत पुष्कळ सोसली आहेत. भाषणात मात्र त्याचे तुकडे करावेत: ‘ते दुष्काळाचे साल होते. घरात आठ तोंडे. आबांनी बैलजोडी विकली. कशासाठी? धाकट्या भावाच्या फीसाठी. भावकी आठ दिवस बोलली नाही.’

ऐकलेल्या गोष्टींपैकी पहिल्या आणि शेवटच्या अधिक लक्षात राहतात, हा स्मृतीचा सर्वमान्य गुणधर्म आहे. यांतील पहिल्या जागेचे आपण काय करतो? ‘व्यासपीठावर विराजमान’ या शब्दांनी सुरुवात करून अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, माजी पदाधिकारी अशी नामावळी वाचण्यात ती खर्ची घालतो. मानपान सांभाळणे प्राप्त आहे, हे मान्य. परंतु ते काम सूत्रसंचालकाने केलेले असते, आणि ‘अध्यक्ष महाराज आणि मंडळी’ एवढ्याने कोणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही.

लांबीविषयी एवढेच, की सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात असे धरून चालावे. पाच मिनिटांना पाचशे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून मराठी श्रोता तासभर ऐकण्यात तरबेज झाला आहे खरा, पण तेथे तो व्याख्यानासाठी येतो. वाढदिवसाला तो जेवायलाही आलेला असतो.

घशाची कोरड आणि थरथरणारा कागद

आता भीतीकडे वळू. अनेक डोळे एकदम आपल्याकडे लागले, की शरीर ते संकट समजते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जलद चालते, स्नायूंकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि पचन तूर्त तहकूब होते. लाळ ही पचनाचीच पहिली पायरी असल्यामुळे तोंड कोरडे पडते. स्नायू पळण्यासाठी ताणले गेलेले असून पळता येत नसल्यामुळे हात कापतो. स्वरयंत्राचे स्नायूही आवळले गेल्याने आवाज चढा आणि पातळ होतो. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

उपाय दोन. पहिला श्वासाचा: श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उठण्यापूर्वी चार-सहा वेळा घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांबवावा. दुसरा ज्ञानाचा. आपली धडधड सगळ्यांना दिसते आहे असे वक्त्याला वाटते. वस्तुतः ती फारच थोडी बाहेर दिसते. मानसशास्त्रज्ञ याला पारदर्शकतेचा भ्रम म्हणतात, आणि प्रयोगात असे दिसून आले आहे, की हा भ्रम आहे एवढे आधी समजावून सांगितलेल्या लोकांची भाषणे इतरांपेक्षा सरस झाली.

मसुदा संपूर्ण पाठ करू नये, कारण पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही. आणि तो संपूर्ण वाचूनही दाखवू नये, कारण डोळे कागदाला खिळले की आवाज सपाट होतो. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पाठ, मधल्या हकीकतींची केवळ नावे चिठ्ठीवर, एवढी तजवीज पुरे. सराव मात्र मोठ्याने करावा. कोणत्या शब्दाला जीभ अडखळते हे मनात वाचून कधीही कळत नाही. ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा: अंतर निम्मे केले तर आवाजाची तीव्रता सुमारे चौपट होते, आणि बोलताना हात खाली गेला तर त्याच हिशेबाने ती घटते. मधूनच उठणारी ती कर्कश शीळ म्हणजे कर्ण्यातून निघालेला आवाज ध्वनिक्षेपकात शिरून पुन्हा कर्ण्यातून मोठा होऊन निघण्याचा फेरा होय. तेव्हा कर्ण्यासमोर उभे राहू नये.

भाषण झाल्यावर

सामान्य माणसाच्या आयुष्याचे लेखी दप्तर फार तुटपुंजे असते. शाळेचा दाखला, नोकरीचे हुकूम, सातबारा, निवृत्तिवेतनाचे कागद. यांपैकी एकातही तो माणूस कसा वागला याची नोंद नसते. तुम्ही काकूंकडून, शिपायाकडून आणि आत्याबाईंकडून गोळा करून, साले ताडून लिहिलेला मसुदा हा बहुधा त्या घरातील अशा प्रकारचा एकमेव कागद असतो. तेव्हा टाळ्या झाल्यावर तो खिशात कोंबून घरी आणू नका. स्वच्छ अक्षरात उतरून काढा, खाली तारीख घाला, कोणी काय सांगितले ती नावे लिहा, आणि एक प्रत सत्कारमूर्तीच्या घरी नेऊन द्या.